उंदीर औषधाला तोंड का लावत नाहीत?

औषध जागच्या जागी आणि शेजारचं गव्हाचं पोतं मात्र कुरतडलेलं, असं दिसलं की विष वाढवू नका. जास्त विषाने वास आणि चव बिघडते, उंदीर आणखी लांब जातो. चूक बहुतेकदा विष ज्यात कालवलंय त्या खाद्यात असते.

झिंक फॉस्फाइड या झटपट विषाचं नेहमीचं प्रमाण 96 भाग ज्वारीची किंवा मक्याची भरड, 2 भाग गोडेतेल, 2 भाग पावडर. पोटातल्या आम्लाने त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो आणि उंदीर काही तासांत मरतो. पण थोडंच खाऊन वाचलेला उंदीर बुजतो, मग कित्येक आठवडे ती चव घेत नाही. म्हणून आधी 2–3 दिवस नुसती तेल लावलेली भरड ठेवतात. ही पावडर घरी कालवू नका. ओलाव्यानेही वायू सुटतो आणि याला उतारा नाही.

ब्रोमाडिओलोन या रक्त गोठू न देणाऱ्या विषाचं आमिष (0.005 टक्के) सावकाश काम करतं. मरण 3 ते 7 दिवसांनी येतं, त्यामुळे उंदराला संशय येत नाही. त्याची 0.25 टक्क्यांची पावडर असेल तर 20 ग्रॅम पावडर, 20 ग्रॅम तेल, 960 ग्रॅम भरड. तेल ताजंच घ्या. खवट तेल, बुरशी आलेली भरड किंवा फिनाइलशेजारी ठेवलेलं पाकीट उंदीर हुंगून सोडून देतो.

गटाराजवळ, ओलीत मेणाचा केक (मेणात घट्ट केलेली विषारी वडी) टिकतो, भरड आंबते. पण मेणामुळे चव कमी होते, म्हणून कोरड्या माळ्यावर भरडच बरी. केक तारेत ओवून आमिषाच्या पेटीत बांधा, नाहीतर घूस तो बिळात ओढून नेते आणि तो खाल्ला गेला असं आपण धरून चालतो. धान्याच्या गोदामात खायला भरपूर, पाणी नाही. तिथे पाणीदार आमिष मागून घ्या.

पेट्या भिंतीलगत 5 ते 10 मीटरवर ठेवा आणि रोज हलवू नका. काळा उंदीर नव्या वस्तूला घाबरतो, चार-पाच दिवस थांबा. दर 2–3 दिवसांनी पाहा: केकवर दातांच्या जोडीच्या खाचा, आणि लेंड्यांत औषधाचाच निळा-हिरवा रंग दिसला तर खाणं सुरू झालंय. पेटी रिकामी असेल तर दुप्पट भरा.

मुलाने किंवा कुत्र्याने ब्रोमाडिओलोन खाल्लं तर त्रास दिसेपर्यंत थांबू नका. व्हिटॅमिन के-1 हा उतारा आहे, तो डॉक्टरच देतात. पाकीट सोबत न्या.