न्हाणीच्या भिंतीतला वॉल्व: निवडीमागची पार्श्वभूमी

बिनउंबऱ्याची, उतार दिलेल्या फरशीची मोकळी न्हाणी विदर्भातल्या खेड्यांना नवी नाही. नवी आहे ती एकाच भिंतीतून छतातला शॉवर, हातशॉवर, बाजूचे जेट आणि खालची तोटी असं चार ठिकाणी पाणी काढायची हौस. पूर्वी बंबातलं कढत पाणी बादलीत काढायचं, वरून विसण घालायचं, बोट बुडवून पाहायचं, झालं. विसण घालायचं काम भिंतीआड गेलं आणि वॉल्वचा प्रश्न उभा राहिला.

आज तालुक्याच्या दुकानात दिसणारे बहुतेक प्रकार दुसरीकडच्या गरजेतून आलेत. एका दांडीने गरम-गार मिसळणारा नळ अमेरिकेत १९४७ पासून बाजारात आहे. तिथे सगळे नळ रस्त्यावरून येणाऱ्या दाबाच्या लाइनवर. कुणी फ्लश ओढला की गार पाणी घटायचं आणि शॉवरखालच्याला चटका बसायचा. ६० अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत गंभीर भाजतं. म्हणून दाब सांभाळणारा वॉल्व आला. एका बाजूचा दाब पडला की तो दुसरी बाजू आवळतो, पण पाणी किती गरम आहे हे त्याला कळत नाही. थर्मोस्टॅट वॉल्वला ते कळतं. त्यातलं मेण तापमानाप्रमाणे फुगतं-आकसतं आणि मिश्रण जागेवर ठेवतं.

आपल्याकडे दाब येतो तो स्लॅबवरच्या टाकीतून. १० मीटर उंचीचं पाणी म्हणजे साधारण १ बार. दहा फुटी स्लॅब, त्यावर चार फुटी ओटा, शॉवर सात फुटांवर. म्हणजे हाती उरतात जेमतेम सात फूट, ०.२ बार. बहुतेक थर्मोस्टॅट वॉल्वच्या पत्रकात किमान अर्धा ते एक बार मागितलेला असतो. त्यात पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं पाणी असेल, तर आतल्या जाळीवर क्षार बसायला वेळ लागत नाही. आणि सोलर हीटरला गार पाणी त्याच टाकीतून जात असेल, तर दोन्ही बाजूंचा दाब आपसूकच जवळपास सारखा राहतो. दाब सांभाळणाऱ्या महागड्या वॉल्वला फारसं कामच उरत नाही. ही गोष्ट शोरूममध्ये कुणी आपणहून सांगत नाही. बूस्टर पंप लावला की चित्र बदलतं, पण लोडशेडिंगची वर्षं ज्यांनी काढली, ते अंघोळ विजेच्या भरवशावर टाकायला आजही कचरतात.

खरा वाद वेगळाच आहे: एक डायव्हर्टर (एकाच मुठीने पाणी हव्या त्या वाटेला वळवणारा वॉल्व) बसवायचा, की प्रत्येक वाटेला स्वतंत्र कन्सिल कॉक, म्हणजे भिंतीत दडवलेला बंद-चालू कॉक? लोखंडी पाइप होते तोवर हा वाद नव्हताच, भिंतीबाहेर दोन तोट्या असायच्या. सीपीव्हीसीचा प्लास्टिक पाइप आला, भिंतीत खाचा म्हणजे झिऱ्या मारून पाइप गिलाव्यात गाडणं सोपं झालं आणि दोन तट पडले. शहरातल्या विक्रेत्याचा कल डायव्हर्टरकडे: एकच पट्टी, एकच मूठ, भिंत देखणी. गावातला मिस्त्री म्हणतो, "कॉक गेला तं कॉक बदलता येते, डायव्हर्टर गेला तं भिंत फोडा लागते."

हे अर्धंच खरं आहे. डायव्हर्टरची कार्ट्रिज, म्हणजे आतला बदलता येणारा गाभा, पुढूनच निघते, टाइल्स फोडाव्या लागत नाहीत. भिंतीत गाडलेली बॉडी गळली तरच छिन्नी-हातोडा येतो. पण ती कार्ट्रिज त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची लागते आणि ती तालुक्याला मिळेलच असं नाही. साध्या कॉकचा स्पिंडल आणि वायसर कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. मिस्त्रीचा मुद्दा खरा असतो तो इथे.

पण कॉकवाल्यांची एक खोड मिस्त्री सहसा सांगत नाहीत. अंघोळ झाल्यावर माणूस शॉवरचा कॉक बंद करतो आणि मागचा मिक्सर, म्हणजे गरम-गार मिसळणारा वॉल्व, उघडाच राहतो. पाणी थांबलेलं दिसतं, पण आत गरम आणि गार लाइन एकमेकींना जोडलेल्या असतात. दाब थोडा जरी इकडचा तिकडे झाला की एका लाइनचं पाणी दुसरीत शिरतं. मग सकाळी बेसिनच्या गार नळाला कोमट पाणी येतं आणि सोलर बिघडला म्हणून ओरड सुरू होते. त्यावर उपाय मिक्सरआधी दोन्ही लाइनवर एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा वॉल्व), तोही हलक्या झडपेचा. कडक स्प्रिंगचा घेतला तर आधीच तोकडा असलेला दाब तोच खाऊन टाकतो. मिक्सर आणि वाट एकाच कार्ट्रिजमध्ये असलेल्या डायव्हर्टरला ही भानगड नाही, मूठ बंद म्हणजे सगळंच बंद. तरीही टाकीच्या दाबावर पाऊण इंची लाइन, साधा मिक्सर, दोन एनआरव्ही आणि तीन कॉक ही जोडणी मला जास्त टिकाऊ वाटते. जेट मात्र सोडून द्यावेत. ०.२ बारवर ते नुसते ओघळतात.

अलीकडे यात उन्हाळ्याचीही भर पडली आहे. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो, काळी टाकी दिवसभर तापते आणि गार म्हणवणाऱ्या नळाला हात लावता येत नाही. थर्मोस्टॅट कितीही महागाचा असो, विसण घालायला गार पाणीच नसेल तर तो काय करणार! म्हणून काही घरांत बोअरच्या मोटारीवरून थेट तिसरी लाइन शॉवरला जोडतात. ही लाइन मिक्सरच्या आधी जोडली आणि एनआरव्ही नसला, की मोटारीचा दाब मिक्सरमधून उलटा सोलरच्या टाकीत घुसतो आणि स्लॅबवरच्या एअर पाइपातून गरम पाणी वाहू लागतं. तिसरी लाइन जोडायचीच, तर ती मिक्सरला टाळून, स्वतःच्या कॉकमधून थेट हातशॉवरला द्यावी.