वारुळातली वाळवी आणि चौकटीतली वाळवी

वाळवी दिसली की आपल्याकडे एकच उपाय, औषध मारा. पण बांधावर वारूळ उभारणारी आणि भिंतीतून वर येऊन दाराची चौकट पोखरणारी या बऱ्याचदा दोन वेगळ्या जाती असतात, आणि त्यांची पोट भरायची तऱ्हा इतकी वेगळी आहे की ती माहीत असायलाच हवी असं मला मनापासून वाटतं.

वारूळवाली म्हणजे ओडोंटोटर्मिस ओबेसस. वारूळ हीच बांधते बरं का, मुंग्या नाही, आणि साप नंतर राहायला येतो. ही चक्क शेती करते. वाळका पाला, साल, काड्या खाऊन आत येते, अर्धवट पचलेल्या विष्ठेचे सच्छिद्र गड्डे रचते आणि त्यावर टर्मिटोमायसिस नावाची बुरशी वाढवते, बुरशी लाकडाचा चिवट भाग फोडते, मग जुना गड्डा आणि त्यावरच्या बारीक पांढऱ्या गाठी हेच हिचं जेवण. पावसाळ्यात वारुळावर जी अळंबी उगवतात, गोव्यात रोण अळमी म्हणून जी भाव खातात, ती याच गटातल्या बुरशीची.

आता एवढ्या गर्दीला हवा कशी पुरते? २०१५ साली हार्वर्डचे शास्त्रज्ञ एल. महादेवन आणि सहकाऱ्यांनी दक्षिण भारतात याच जातीच्या वारुळांत मोजमाप केलं. दिवसा बाहेरचे कंगोरे आधी तापतात म्हणून हवा कडेनं वर चढते आणि मधून खाली येते, रात्री बरोब्बर उलट. म्हणजे दिवस-रात्रीच्या तापमानातल्या फरकावर अख्खं वारूळ श्वास घेतं, पंखा नाही काही नाही!

चौकटीतली बहुतेकदा कॉप्टोटर्मिस हेमी. हिची शेतीबिती काही नाही. लाकूड पचवायला हिच्या आतड्यात एकपेशीय जीव असतात. पण कात टाकली की ते जीवही जातात, मग दुसऱ्या वाळवीच्या गुदद्वारातून येणारा द्रव चाटून ते परत मिळवावे लागतात, त्यामुळे एकटी पडली तर हिचं कठीणच.

ओळखायचं असेल तर वाळवी ये-जा करायला बांधते ती मातीची नळी फोडून सैनिक, म्हणजे राखण करणारी वाळवी, शोधा. हेमीच्या सैनिकाचं डोकं पिवळसर, पुढे निमुळतं, आणि डिवचलं की कपाळावरच्या भोकातून दुधासारखा पांढरा थेंब येतो. ओबेससच्या सैनिकाकडे हा थेंब नाही, त्याच्या डाव्या जबड्यावर एक दात असतो, भिंगातून नीट दिसतो. नुसत्या नळीवरून मात्र ठरवू नका, कारण जमिनीला टेकलेलं लाकूड वारूळवालीही सोडत नाही.