'क्षितिज' या शब्दात अक्षरे किती?

प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या तोंडी एक तक्रार नेहमी ऐकू येते. इंग्रजी शब्दाची लांबी संगणक बिनचूक सांगतो, मराठी शब्द दिला की मात्र त्याचे गणित चुकते, म्हणजे देवनागरी लिपी संगणकाला मानवत नाही, असा तिचा सूर असतो. तक्रारीतला निष्कर्ष बाजूला ठेवून आधी निरीक्षण पडताळून पाहू. 'क्षितिज' हा शब्द घ्यावा आणि निरनिराळ्या प्रोग्रॅमिंग भाषांना त्याची लांबी विचारावी. सी, गो आणि रस्ट या भाषा नेहमीच्या पद्धतीने विचारल्यावर २१ असे उत्तर देतात. पायथन, जावा आणि जावास्क्रिप्ट ७ सांगतात. स्विफ्टची आवृत्ती जुनी असेल तर ४ आणि नवी असेल तर ३ असे उत्तर मिळते. मराठी वाचकाला या शब्दात क्षि, ति आणि ज अशी तीनच अक्षरे दिसतात.

यांतले एकही उत्तर चुकीचे नाही. धान्याची एकच रास पायलीने, किलोने किंवा दाण्यांनी मोजावी, तशा या भाषा एकाच शब्दात वेगवेगळ्या गोष्टी मोजत आहेत. चूक होते ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची, कारण आपण कोणते माप वापरतो आहोत हे त्याने विचारलेले नसते. मराठी मजकूर हाताळताना येणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ येथेच सापडते.

संगणकाच्या स्मृतीत अक्षरे नसतात, संख्या असतात. कोणत्या चिन्हाला कोणती संख्या द्यायची, याचा जागतिक करार म्हणजे युनिकोड. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. देवनागरीला त्यात २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा मिळाल्या, आणि त्या जागांची मांडणी इस्की या भारतीय संकेतप्रणालीच्या १९८८ सालच्या आराखड्यावरून घेतलेली आहे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने वाढवलेले, भारतीय लिप्या संगणकावर आणणारे जिस्ट तंत्रज्ञान याच इस्कीवर उभे होते. इस्कीची आणि म्हणून युनिकोडचीही भूमिका अशी की मजकूर दिसतो त्या क्रमाने न साठवता उच्चाराच्या क्रमाने साठवावा. त्यामुळे 'क्षितिज' हा शब्द साठवताना क (२३२५), हलन्त चिन्ह (२३८१), ष (२३५९), ऱ्हस्व वेलांटी (२३६७), त (२३४०), पुन्हा ऱ्हस्व वेलांटी आणि शेवटी ज (२३३२) अशा सात संख्या येतात. कागदावर अक्षराच्या आधी दिसणारी वेलांटी स्मृतीत अक्षराच्या नंतर असते. तिला डावीकडे नेण्याचे आणि क व ष यांचा 'क्ष' करण्याचे काम फॉन्ट आणि त्यामागची मांडणी-यंत्रणा करते. पायथनचे ७ हे उत्तर या सात संख्यांचे आहे.

मग २१ कोठून आले? संगणक स्मृती बाइटमध्ये मोजतो आणि एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढ्याच संख्या मावतात. २३२५ ही संख्या एका बाइटमध्ये बसत नाही, म्हणून तिचे तुकडे करावे लागतात. हे तुकडे कसे करायचे, याची यूटीएफ-८ ही पद्धत केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक या संगणकतज्ज्ञांनी १९९२ साली न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात रात्रीच्या जेवणाच्या वेळी बशीखालच्या कागदावर मांडली. ती इतकी देखणी आहे की तिच्यासाठी थोडे गणित करणे वाचकाने सहन करावे, अशी विनंती आहे.

'म' या अक्षराचा क्रमांक २३५० आहे. त्याला ६४ ने भागले की भागाकार ३६ आणि बाकी ४६ येते. ३६ ला पुन्हा ६४ ने भागले तर भागाकार ० आणि बाकी ३६ राहते. आता ०, ३६ आणि ४६ हे आपले तीन तुकडे झाले. पहिल्या तुकड्यात २२४ मिळवायचे आणि उरलेल्या दोन्ही तुकड्यांत १२८ मिळवायचे. 'म' अशा रीतीने २२४, १६४, १७४ या तीन बाइटमध्ये साठवला जातो. मिळवलेल्या संख्यांत सारी हुशारी आहे. बाकी नेहमी ६३ किंवा त्याहून कमी असते, म्हणून नंतर येणारा प्रत्येक बाइट १२८ ते १९१ यांच्या दरम्यानच असतो, तर २२४ ते २३९ यांपैकी बाइट दिसला की 'येथून तीन बाइटचे चिन्ह सुरू होते' हे कळते. इंग्रजी अक्षरे १२८ च्या खाली राहतात, त्यामुळे त्यांना एकेक बाइट पुरतो. फाइलच्या अगदी मध्यावर जाऊन कोणताही बाइट उचलला तरी आपण चिन्हाच्या आरंभी आहोत की मध्ये, हे त्या एका बाइटवरून सांगता येते. मध्ये असल्यास फार तर तीन पावले मागे जावे लागते, त्याहून अधिक कधीच नाही.

देवनागरीचे सर्व क्रमांक या हिशेबात तीन बाइट घेतात. सात त्रिक २१. गो या भाषेच्या तीन जनकांपैकी दोघे तेच थॉम्प्सन आणि पाइक आहेत, आणि त्यांच्या भाषेला लांबी विचारली की ती बाइट मोजते, हा योगायोग नाही. जागा किती लागते हे यंत्राच्या दृष्टीने सर्वांत प्रामाणिक माप आहे. मात्र अशा भाषेत 'पहिले दहा' असे म्हणून मराठी मजकूर कापला तर तीन चिन्हे पूर्ण येतात आणि चौथ्याचा एकच बाइट हाती लागतो. पडद्यावर काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह उमटते, ते बहुधा याच कापाकापीचे लक्षण असते.

हे गणित पाठ असण्याचा आणखी एक लाभ आहे. देवनागरीच्या जागांपैकी ऱ्हस्व वेलांटीपर्यंतच्या पहिल्या अर्ध्या जागांचे बाइट २२४, १६४ असे सुरू होतात आणि दीर्घ वेलांटीपासून पुढच्या अर्ध्या जागांचे २२४, १६५ असे. हाच मजकूर एखाद्या प्रोग्रॅमने पश्चिम युरोपीय संकेतप्रणालीतला समजून उघडला तर २२४ च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए', १६४ च्या जागी चार कोपऱ्यांना काटे फुटलेले वर्तुळ आणि १६५ च्या जागी येन या जपानी चलनाचे चिन्ह दिसते. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडल्यावर अशा चिन्हांची रांग दिसली तर घाबरण्याचे कारण नाही. मजकूर शाबूत आहे, वाचण्याची पद्धत चुकली आहे. फाइल तशीच पुन्हा जतन न करता, आयात करताना यूटीएफ-८ हा पर्याय निवडावा. याउलट सगळीकडे नुसती साधी प्रश्नचिन्हे दिसत असतील, तर वाटेत कोणत्या तरी टप्प्यावर अक्षरे फेकून दिली गेली आहेत आणि ती त्या फाइलमधून परत मिळणार नाहीत.

जावा आणि जावास्क्रिप्ट यांचे ७ हे उत्तर पायथनच्या ७ सारखे दिसले तरी त्याची जात निराळी आहे. या दोन्ही भाषा १९९५ साली लोकांसमोर आल्या, तेव्हा जगातील सर्व चिन्हे ६५,५३६ जागांत मावतील अशी समजूत होती, म्हणून त्यांनी दोन-दोन बाइटची घरे आखली. पुढच्याच वर्षी ती मर्यादा ओलांडण्याची तरतूद युनिकोडला करावी लागली आणि मोठ्या क्रमांकांच्या चिन्हांना दोन घरे देण्यात आली. देवनागरी जुन्या मर्यादेच्या आत असल्याने हा फरक जाणवत नाही, पण मोडी लिपी २०१४ साली युनिकोडमध्ये आली आणि तिचे क्रमांक ७१,१६८ पासून सुरू होतात. मोडीच्या एका अक्षराची लांबी पायथन १ सांगते, जावा आणि जावास्क्रिप्ट २ सांगतात आणि गो ४ सांगते. मोडी कागदपत्रांच्या नोंदी मायसीक्वेल या डेटाबेसच्या जुन्या 'यूटीएफ-८' प्रकारच्या रकान्यात का शिरत नाहीत, याचेही उत्तर त्या ४ मध्ये आहे. तो रकाना नाव काहीही सांगत असला तरी चिन्हामागे तीनच बाइट घेतो, आणि चार बाइटसाठी वेगळा प्रकार निवडावा लागतो.

आता स्विफ्टकडे. वाचकाला एकसंध वाटणाऱ्या चिन्हसमूहाची व्याख्या युनिकोडने नियमांनी बांधली आहे आणि स्विफ्ट असे समूह मोजते. जुन्या नियमांनुसार मात्रा, वेलांटी आणि हलन्त चिन्ह आधीच्या व्यंजनाला चिकटत असे, पण हलन्तानंतर पुढचे व्यंजन आले की समूह तुटे. त्यामुळे 'क्', 'षि', 'ति', 'ज' असे चार समूह होत. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीने देवनागरी, बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू आणि मल्याळम या सहा लिप्यांसाठी नवा नियम घातला, तो असा की व्यंजन, हलन्त, व्यंजन ही साखळी तोडायची नाही. तेव्हापासून अधिकृत उत्तर ३ आहे. शाळेतल्या मुलाला जे दिसते ते नियमांत यायला ३२ वर्षे लागली. शब्द उलटा करण्याच्या नेहमीच्या स्वाध्यायात हा फरक डोळ्यांत भरतो. सात संख्या उलट्या क्रमाने मांडल्या की 'जितिष्क' असा वाचता येण्याजोगा, पण भलताच शब्द तयार होतो, आणि समूह उलटे मांडले की 'जतिक्षि' हे अपेक्षित उत्तर मिळते.

येथे एका दाव्याचा समाचार घेणे भाग आहे. देवनागरी किंवा संस्कृत ही संगणकासाठी सर्वांत योग्य असल्याचे नासाने सिद्ध केले, असा निरोप व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षे फिरतो. नासाच्या एम्स केंद्रात काम करणारे रिक ब्रिग्ज यांनी १९८५ साली एका नियतकालिकात लेख लिहिला होता, एवढे खरे. वाक्याचा अर्थ विश्लेषून मांडण्याची संस्कृत व्याकरणकारांची रीत आणि कृत्रिम बुद्धिमत्तेतील ज्ञान मांडण्याची रीत यांत साम्य आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यात संस्कृतमध्ये प्रोग्रॅम लिहिण्याचा प्रश्न नव्हता आणि लिपीचा तर मुळीच नव्हता. देवनागरी संगणकाला मानवत नाही आणि देवनागरीच संगणकाला सर्वांत मानवते, ही दोन्ही विधाने सारखीच निराधार आहेत.

मोजणीपेक्षा वर्गीकरणाच्या चुका अधिक त्रास देतात. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला एक वर्ग असतो. व्यंजने आणि स्वर 'अक्षर' या वर्गात येतात, तर काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त 'जोडचिन्ह' या वर्गात येतात. नाव केवळ अक्षरांचे आहे ना, हे तपासण्यासाठी पायथनमधील 'इझअल्फा' वापरले तर कमल, मदन आणि नयन यांना प्रवेश मिळतो आणि सुनीता बाहेर राहते. पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधील, म्हणजे मजकुरातले नमुने शोधण्याच्या सूत्रातील, 'शब्दातील चिन्ह' हा संकेतही जोडचिन्हांना शब्दाबाहेर ठेवतो, त्यामुळे 'मराठी' या शब्दाचे 'मर' आणि 'ठ' असे दोन शब्द होतात. जावास्क्रिप्टमध्ये तोच संकेत देवनागरीला ओळखतच नाही. अशा ठिकाणी अक्षर आणि जोडचिन्ह हे दोन्ही वर्ग स्पष्टपणे मागावे लागतात. आणखी वाईट परिणाम वेब-पत्ते तयार करण्याच्या एका लोकप्रिय कृतीमुळे होतो. फ्रेंच अक्षरांवरचे स्वराघात काढण्यासाठी मजकुराचे घटक सुटे करून जागा न व्यापणारी जोडचिन्हे पुसून टाकावीत, अशी ती कृती आहे. उकार आणि मात्रा त्याच वर्गात असल्याने तिच्यातून 'पुणे' गेले की 'पण' बाहेर येते आणि 'नागपूर'चे 'नागपर' होते.

शेवटची अडचण सर्वांत छुपी आहे, कारण तिच्यात पडद्यावर काहीच चुकीचे दिसत नाही. 'दऱ्या' हा शब्द तीन प्रकारांनी साठवता येतो. 'ऱ' चा स्वतंत्र क्रमांक २३५३ आणि त्यापुढे हलन्त, हा पहिला प्रकार. साधा र, त्याखाली नुक्ता म्हणजे टिंब आणि मग हलन्त, हा दुसरा. साधा र, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचे, सांधण्याचे काम करणारे अदृश्य चिन्ह, हा तिसरा. तिन्ही सारखेच दिसतात, पण संख्या वेगळ्या असल्याने एकाने टंकलेले दुसऱ्याच्या शोधात सापडत नाही. पहिले दोन प्रकार समान मानावेत असे युनिकोडचे मत आहे आणि स्विफ्ट ते आपणहून मानते. पायथन, जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये तुलनेपूर्वी 'नॉर्मलाइझ' हे फंक्शन चालवावे लागते. तिसरा प्रकार त्यानेही जुळत नाही, आणि 'अदृश्य चिन्हे काढून टाका' असे सांगणारा सफाईचा प्रोग्रॅम त्यावरून फिरला तर दऱ्यांचा दर्या होतो.

'ॲ' ची गत याहून बिकट आहे. त्याला २४१८ हा स्वतंत्र क्रमांक २००८ साली मिळाला, पण त्याआधीपासून लोक अ वर अर्धचंद्र देऊन तोच आकार मिळवत होते आणि आजही कित्येक जण तसेच टंकतात. ही दोन रूपे युनिकोड समान मानत नाही, त्यामुळे 'नॉर्मलाइझ' चालवूनही ती जुळत नाहीत. 'ॲप' किंवा 'ॲसिड' शोधून काहीच हाती लागत नसेल तर दोन्ही शब्दांचे क्रमांक छापून पाहावेत. एकीकडे २४१८ आणि दुसरीकडे २३०९, २३७३ अशी जोडी दिसली, तर साठवण्याआधीच जोडीच्या जागी २४१८ घालणारी एक ओळ प्रोग्रॅममध्ये स्वतः लिहावी लागते.