दोन माइकांत घुमट आरती: घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी

चवथीला (गणेश चतुर्थीला) आमच्याकडून माइकांची पेटी नेणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते: कासाळे (मोठ्या झांजा) कान फोडतात आणि घुमट, म्हणजे गोव्याचे मडक्याचे तालवाद्य, हरवते. अशा वेळी महागडा माइक मागण्याआधी माणसांच्या जागा बदलून पाहा. पेटीत एक डायनॅमिक माइक (जोरकस आवाज झेलणारा), एक कंडेन्सर माइक (बारीक आवाजही टिपणारा), दोन स्टँड, दोन चॅनेलचा इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारे यंत्र) आणि हेडफोन आहे. एवढ्यात काम होते.

घुमटाचा माइक

घुमटाचा आवाज दोन जागांहून निघतो. मोठ्या तोंडावरच्या चामड्यातून थापेचा कडक नाद येतो. खर्ज मात्र लहान, उघड्या तोंडातून येतो आणि डावा तळवा ते झाकत-उघडत घुमारा ठरवतो. माइक चामड्यासमोर लावला तर नुसती टपटप मिळते. लहान तोंडासमोर थेट लावला तर हवेचा झोत बसून ‘भप्प’ होते. म्हणून डायनॅमिक माइक मडक्याच्या पोटासमोर ३५ ते ४० सें.मी.वर, लहान तोंडाकडे किंचित वळवून ठेवा. खर्ज कमी वाटला तर आधी माइक त्या बाजूला १० सें.मी. सरकवा, इक्वलायझरला (खर्ज-तार कमीजास्त करणाऱ्या बटणांना) हात नंतर. वादक रंगात आला की डोलतो, पुढे सरकतो. त्याच्या पायांपाशी जमिनीवर चिकटपट्टीची खूण करा.

कोण कुठे

घुमटवाल्याला मंडळींच्या उजव्या टोकाला उभे करा. त्याचा डावा हात, म्हणजे घुमटाचे लहान तोंड, मग मंडळींकडे येते. माइक तिथे, त्याच्या डावीकडे समोर, बाकीच्यांकडे पाठ करून. हा माइक पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो, म्हणून कासाळे दुसऱ्या टोकाला, निदान २ मीटर लांब आणि एक पाऊल मागे. गाणारे व शामेळ (काठ्यांनी वाजवायचे तालवाद्य) मध्ये.

कंडेन्सर गणपतीच्या बाजूला, गाणाऱ्यांपासून २ मीटरवर, दीड मीटर उंचीवर. शामेळीच्या काठ्या त्यात आपोआप येतात. माटोळीला (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीला) माइक बांधू नका: ती हलते, आणि खाली कापूर-धूप असतो. धुराची काजळी माइकाच्या पडद्याला वाईट.

पातळी आणि वेळ

कंडेन्सरला ४८ व्होल्ट लागतात. केबल जोडून झाल्यावरच इंटरफेसवरचे त्याचे बटण दाबा. रेकॉर्डिंग २४ बिटवर ठेवा. पातळी संथ सुरुवातीवर लावू नका. शेवटची द्रुत लय पूर्ण जोरात वाजवायला सांगा आणि काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबेल असे करा. फाटलेला आवाज नंतर सांधता येत नाही.

घुमटाचा नाद कंडेन्सरपर्यंत २ मीटर जास्त चालून जात असेल तर तो सुमारे ६ मिलिसेकंद उशिरा पोचतो. सुरुवातीला घुमटापाशी एक टाळी वाजवून घ्या आणि संगणकावर दोन्ही ट्रॅकमधल्या टाळ्या जुळवा. तरीही एकत्र वाजवताना खर्ज पातळ झाला तर एका ट्रॅकची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची दिशा) उलटी करून ऐका. जे भरीव वाटेल ते ठेवा.

दमट हवा

घुमटाला पूर्वी घोरपडीचे चामडे लावत. घोरपड १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित असल्याने आता बकऱ्याचे चामडे वापरतात. भाद्रपदातल्या ओलीने ते सैलावते आणि स्वर उतरतो. आधी हलकी ऊब द्या, पातळी त्यानंतरच लावा. एसीच्या खोलीतून आणलेला कंडेन्सर लगेच चालू केला तर बाष्प धरून चरचरतो. अर्धा तास तसाच राहू द्या. लाद्यांची मोकळी खोली फार घुमते, तेव्हा जमखाना अंथरा आणि भिंतीला गोधड्या टांगा. पंखा बंद. गुणगुण आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा.

याच पेटीने कधी ड्रमसेट रेकॉर्ड करायचा असेल तर डायनॅमिक माइक मोठ्या ड्रमच्या पुढच्या भोकाशी, कंडेन्सर वादकाच्या डोक्यावर, स्नेअरपासून (वादकासमोरच्या छोट्या ड्रमपासून) सुमारे १ मीटर. झांजा जास्त येत असतील तर वादकालाच हात आवरायला सांगा, दुसरा इलाज नाही.

पेटी परत आणताना सिलिका जेलच्या पुड्या आतच राहू द्या.