ॲरिझोनातलं मोबाइल होम पार्क बंद होतंय? स्थलांतराच्या पैशांचा अर्ज कुठे अडतो

मोबाइल होम म्हणजे कारखान्यात बांधलेलं, ओढून नेता येणारं घर. मोबाइल होम पार्कमध्ये असं घर आपलं असतं, खालची जागा भाड्याची. जागेच्या मालकाने तिथे दुसरं काही बांधायचं ठरवलं की घर उचलावं लागतं. २०२३ साली फिनिक्समध्ये पेरिविंकल, वेल्डन कोर्ट आणि लास कसितास या वस्त्यांतल्या लोकांपुढे हाच प्रश्न उभा राहिला. अशांसाठी राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडे मोबाइल होम रिलोकेशन फंड आहे.

१०० मैलांच्या आत घर हलवायला सिंगल-वाइडसाठी (एकाच भागाचं घर) १२,५०० आणि डबल-वाइडसाठी (दोन भाग जोडून केलेलं घर) २०,००० डॉलरपर्यंत मिळतात. खरा खर्च कमी असेल तर तेवढेच. घर तिथेच सोडलं तर ५,००० किंवा ८,०००. घर आणि जागा दोन्ही भाड्याने घेतलेल्यांना यातलं काही मिळत नाही.

अर्ज सगळ्यात जास्त अडतो तो टायटलवर, म्हणजे घराच्या मालकीच्या कागदावर. इथे जमिनीला कायमचं जोडलेलं नसलेलं घर कागदोपत्री गाडीसारखं असतं, त्याचं टायटल मोटार वाहन विभाग देतो. वीस वर्षांपूर्वी रोख पैसे देऊन, साध्या पावतीवर घेतलेलं घर बऱ्याचदा अजून जुन्या मालकाच्याच नावावर असतं. घर सोडून पैसे घ्यायचे तर नोटरीसमोर सही केलेलं, बोजा उतरवलेलं टायटल पार्कमालकाच्या हाती द्यावं लागतं. कर्ज फिटलं तरी सावकाराचं नाव तसंच राहिलेलं असतं, तेव्हा त्याच्याकडून मुक्तीचं पत्र घ्या. टायटलवर दोन नावांमध्ये ‘आणि’ असेल तर दोघांच्या सह्या लागतात, ‘किंवा’ असेल तर एकाची पुरते. नोटीस यायची वाट पाहू नका, टायटल आजच काढून बघा.

पार्क बंद करण्याआधी मालकाने किमान १८० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. लोक ही मुदत अर्जाची समजतात आणि शेवटच्या महिन्यात धावपळ करतात. खरं तर या दिवसांत घर हलवूनच झालं पाहिजे, आणि त्यातच नवी जागा, परवानाधारक कंत्राटदार आणि खात्याची मंजुरी हे सगळं बसवायचं असतं. आधी कंत्राटदाराशी केलेल्या कराराला खात्याची मंजुरी, मगच घर हलवायचं. खिशातून पैसे देऊन घर हलवलं आणि नंतर बिल लावलं, तर ते परत मिळतील या भरवशावर राहू नका.

करारात कारपोर्ट (गाडीवरचं छप्पर), व्हरांड्याचं छप्पर, छतावरचा कूलर किंवा एसी उतरवून पुन्हा बसवण्याची कलमं वेगळी लिहून घ्या. मोघम करारात नेमक्या याच गोष्टी राहतात. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सियस, किंवा त्याहून वर गेला होता. तिथे सावली आणि कूलरशिवायचं पत्र्याचं घर म्हाताऱ्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. वीजजोडणीची तपासणी झाल्याशिवाय एसी चालणार नाही, म्हणून शक्य तर जूनआधी घर बसवून घ्या.

१५ जून १९७६ पूर्वी, म्हणजे अशा घरांची केंद्रीय मानकं लागू होण्याआधी, बांधलेलं घर असेल तर दुरुस्तीचा वेगळा परवाना लागू शकतो, शिवाय बरीच पार्कं इतकं जुनं घर घेतच नाहीत. त्यामुळे आधी नव्या पार्ककडून लेखी होकार घ्या. त्यानंतरच्या घराच्या प्रत्येक भागावर बाहेरून, ती मानकं पाळल्याची खूण म्हणून, लाल धातूची पट्टी असते. ती हरवली तर नवी मिळत नाही, पण इन्स्टिट्यूट फॉर बिल्डिंग टेक्नॉलॉजी अँड सेफ्टी ही संस्था पडताळणीचं पत्र देते. त्यासाठी लागणारे क्रमांक घरातल्या कागदी डेटा प्लेटवर, म्हणजे घराची माहिती छापलेल्या कागदावर सापडतात: स्वयंपाकघरातल्या कपाटात, विजेच्या पेटीजवळ किंवा झोपायच्या खोलीतल्या कपाटात बघा.