केटामाइन की एटोमिडेट?

लोकलच्या दारातून पडलेला साठ किलोचा माणूस. वरचं बीपी ८०, तोंडात रक्त, घशात घरघर. श्वासनळीत ट्यूब टाकायचीच आहे, त्याआधी केटामाइन किंवा एटोमिडेट देऊन त्याला झोपवायचं आहे. अशा वेळी नवा रेसिडेंट हमखास विचारतो, "मॅडम, दोन्ही बीपी सांभाळतात ना? मग कुठलंही चालेल?"

एटोमिडेट बीपीच्या वाटेला फारसं जात नाही. केटामाइन मात्र शरीराच्याच ॲड्रेनलिनला टाच मारून बीपी वर चढवतं. तासभर रक्त वाहिलेल्या माणसाची ही पुंजी संपत आलेली असते. मग केटामाइनचा एरवी झाकलेला अवगुण उघडा पडतो. ते हृदयाचा जोर थेट कमी करतं आणि बीपी कोसळतं.

म्हणून शॉकमध्ये, म्हणजे बीपी असं घसरलेलं असताना, मी आधी डोस विचारते, औषधाचं नाव मागाहून. केटामाइन एरवी किलोला १ ते २ मिलिग्रॅम, इथे किलोला अर्धा मिलिग्रॅम. व्हायलमध्ये मिलीला ५० मिलिग्रॅम असतं. १ मिली घेऊन सलाइनने ५ मिली करायचं, त्यातलं ३ मिली या माणसाला पुरे. एटोमिडेटचाही किलोला ०.३ मिलिग्रॅमचा डोस निम्म्यावर. स्नायू लुळे करणारं स्कोलीन किंवा रोक्युरोनियम मात्र पूर्ण, कारण रक्ताभिसरण मंदावलं की ते उशिरा चढतं.

एटोमिडेटवरचा आक्षेप वेगळाच आहे. एका डोसनेही ॲड्रिनल ग्रंथीतलं कॉर्टिसोल, शरीराला ताण पेलायला लागणारं संप्रेरक, दिवसभर अडू शकतं. २०२२ च्या डॅलसमधल्या चाचणीत (८०१ पेशंट, सगळे अपघाताचे नव्हेत) सातव्या दिवशी केटामाइनवाले ८५.१ टक्के जिवंत होते, एटोमिडेटवाले ७७.३. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत तो फरक पुसट झाला.

डोक्याला मार असेल तर केटामाइन नको, हा जुना धडा आता मागे पडलाय.

माझा कल केटामाइनकडे. ते दुखणंही मारतं. एटोमिडेट नुसतं झोपवतं. पण केटामाइन शेड्यूल एक्समधलं, म्हणजे कडक कायदेशीर बंधनांच्या यादीतलं, कुलपातलं. पहाटे तीनला किल्ली सापडेना, तर हाताशी असेल ते एटोमिडेट.

तेव्हा घड्याळ बघा. एटोमिडेटची झोप पाच-दहा मिनिटांत उतरते, रोक्युरोनियम तासभर टिकतं. ट्यूब बसल्याच्या आनंदात सगळे सीटीकडे पळतात. नाडी १४० होते, आपण पोटात रक्तस्राव शोधत बसतो. पेशंट मात्र टक्क जागा असतो, पापणीही हलवता येत नाही. एकदा त्याच्या डोळ्यांच्या कडेला पाणी सिस्टरला दिसलं, मला नाही. तेव्हापासून फेंटानिल-मिडाझोलमची (दुखणं मारणारं आणि झोपवणारं औषध) सिरिंज, ट्यूब टाकायला घसा दाखवणारा लॅरिंगोस्कोप उचलण्याआधी भरून, लेबल लावून ट्रेमध्ये ठेवते.