वय वर्षं सतरा, आठवडे अकरा

समजा, एक सतरा वर्षांची मुलगी पाळी चुकली म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे आली. सोबत मावशी. सोनोग्राफीत अकरा आठवडे निघाले. मुलगा तिच्याच कॉलेजातला, जबरदस्ती झालेली नाही, आणि घरी कळू नये एवढीच दोघींची विनवणी. वैद्यकीयदृष्ट्या यात अवघड काही नाही. या टप्प्यावर व्हॅक्यूमने गर्भपिशवी रिकामी करणं हे काही मिनिटांचं काम असतं आणि मुलगी बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी जाते. अवघड आहे ते पुढचं, कारण इथे दोन कायदे एकाच वेळी लागू होतात.

पहिला कायदा १९७१चा, वैद्यकीय गर्भपाताचा. तो आठवड्यांवर चालतो. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. २०२१च्या दुरुस्तीनंतर ठरावीक गटांतल्या स्त्रियांना, अल्पवयीन मुलीही त्यात आल्या, दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत मुभा आहे. वय अठराच्या आत असेल तर पालकाची लेखी संमती लागते. मात्र या कायद्याने पालकाची व्याख्या सैल ठेवली आहे: मुलीचा सांभाळ करणारी व्यक्ती. म्हणजे आईवडीलच हवेत असं नाही. मुलगी मावशीकडे राहत असेल, मावशीच तिचं सगळं बघत असेल, तर मावशीची सही चालू शकते. हे आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक असतं, आणि काही डॉक्टरही आईवडिलांसाठी अडून बसतात.

दुसरा कायदा २०१२चा, मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा, म्हणजे पॉक्सो. तो वर्षांवर चालतो. अठराच्या आतली प्रत्येक व्यक्ती बालक, आणि बालकाशी आलेला लैंगिक संबंध हा गुन्हा. तिची इच्छा होती का, हा प्रश्नच उद्भवत नाही. कलम १९ म्हणतं, ज्याला अशा गुन्ह्याची माहिती आहे त्याने ती पोलिसांना द्यायची. दिली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. डॉक्टरही यातून सुटत नाहीत. म्हणजे ज्या क्षणी मुलीचं खरं वय केसपेपरवर लिहिलं जातं, त्या क्षणी कॉलेजातल्या त्या मुलावर गुन्हा दाखल होण्याची वाट मोकळी होते.

परिणाम काय होतो? मुलगी येतच नाही. किंवा उशिरा येते, आणि इथे उशीर शरीराला महाग पडतो. नऊ आठवड्यांपर्यंत मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल या दोन औषधांनी भागतं. त्यानंतर व्हॅक्यूम. बारा आठवड्यांच्या पुढे प्रक्रिया लांबते, रक्तस्रावाचा धोका दर आठवड्याला थोडा थोडा वाढतो, रुग्णालयात राहावं लागतं. त्यात किशोरवयाची स्वतःची अडचण असते. पाळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षं मेंदूतली पिट्यूटरी ग्रंथी आणि बीजकोश यांचा मेळ पक्का बसलेला नसतो. कित्येक महिने बीज सुटतच नाही, पाळी दीड-दोन महिन्यांनी येणं नवलाचं नसतं. तिशीतल्या बाईला पाळी चार दिवस लांबली की शंका येते. पंधरा वर्षांच्या मुलीला दोन महिन्यांनीही येईलच असं नाही. आठवडे मात्र शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले जातात, शंका आल्यापासून नाही.

लग्न झालं असेल तर प्रश्न मिटतो, असाही एक समज आहे. तो २०१७ पासून खोटा आहे. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने पंधरा ते अठरा वयातल्या पत्नीबाबत बलात्काराच्या कलमातून पतीला मिळणारी सूट काढून टाकली आणि नव्या न्याय संहितेत अठराचीच रेघ आली. निकाल न्याय्यच होता. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. ऊसतोडीला नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता धरला जातो, उचल म्हणजे आगाऊ पैसे त्या कोयत्यावर मिळतात. मुलीचं लग्न लवकर उरकण्यामागे हाही हिशेब असतो. अशी सोळा-सतराची गरोदर सून आरोग्य केंद्रात आली की पोलीस येणार या धास्तीने तिचं वय वाढवून सांगितलं जातं, किंवा नोंदणीच टाळली जाते. या वयात रक्तक्षय, गरोदरपणातला रक्तदाब, कमी वजनाचं बाळ हे धोके जास्त असतात. म्हणजे तपासणीची गरज जिला सर्वाधिक, तीच तपासणीपासून पळते.

अठराचा आकडा काही शरीरशास्त्राने दिलेला नाही. १८६०च्या दंड संहितेत संमतीचं वय दहा होतं. ते बारा झालं १८९१ साली, कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या संभोगामुळे मरण पावल्यानंतर. मुंबईत बेहरामजी मलबारी त्यासाठी झटत होते. परक्या सरकारने आमच्या चालीरीतींत हात घालू नये म्हणून टिळकांचा कडवा विरोध होता. पुढे चौदा, मग १९४०च्या दशकात सोळा, आणि तिथेच ते २०१२ पर्यंत थांबलं. पॉक्सोच्या मूळ मसुद्यात सोळा ते अठरा वयाच्या संमतीचा विचार होता. संसदीय समितीच्या शिफारशीनंतर तो गळला.

मेंदूचं विज्ञान इथे सोपं उत्तर देत नाही, पण एक उपयोगी भेद दाखवतं. अकरा देशांतल्या, त्यांत भारतही होता, दहा ते तीस वयाच्या पाच हजारांहून अधिक जणांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. शांतपणे, वेळ घेऊन विचार करण्याची क्षमता साधारण सोळाव्या वर्षी प्रौढांच्या जवळपास पोचते. भावनांच्या भरात, सोबत्यांच्या देखत स्वतःला आवरण्याची क्षमता मात्र विशीपर्यंत घडत राहते. प्रेमात पडताना दुसरी क्षमता लागते. डॉक्टरसमोर बसून गर्भ ठेवायचा की नाही हे ठरवताना पहिली. आपला कायदा दोन्ही प्रसंगांना एकच फूटपट्टी लावतो, आणि माझ्या मते खरी चूक इथे आहे. संबंधांचं वय काय असावं यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतात. उपचारांचं दार कुठल्या वयाला उघडावं हा वेगळा प्रश्न आहे.

अठराची रेघ हटवू नये म्हणणाऱ्यांची भीती पोकळ नाही. सोळा वर्षांच्या मुलीची ‘संमती’ चाळीस वर्षांच्या शिक्षकाने किंवा नातेवाइकाने मिळवलेली असू शकते. विधी आयोगाने सप्टेंबर २०२३च्या अहवालात वय अठराच ठेवायला सांगितलं, सोळा ते अठराच्या प्रकरणांत शिक्षेबाबत न्यायाधीशांना तारतम्य द्यावं असं सुचवलं. दुसऱ्या बाजूला, एन्फोल्ड या संस्थेने महाराष्ट्र, आसाम आणि पश्चिम बंगालच्या विशेष न्यायालयांचे २०१६ ते २०२० मधले ७,०६४ निकाल तपासले. जवळजवळ चौथा हिस्सा प्रेमप्रकरणांचा होता आणि त्यांतले बहुतेक आरोपी सुटले. सुटले, पण तोवर अटक, जामीन, तारखा आणि मुलीची उलटतपासणी झालेली असते. मे २०२५ मध्ये पश्चिम बंगालच्या अशाच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोषी तरुणाला शिक्षा द्यायचं टाळलं. मुलीला सर्वाधिक त्रास पोलीस, कोर्ट आणि त्याला सोडवण्याची धडपड यांनी झाला, असं तज्ज्ञांच्या समितीने न्यायालयाला सांगितलं होतं.

दवाखान्यापुरता एक मार्ग २९ सप्टेंबर २०२२ रोजी निघाला. सर्वोच्च न्यायालयात न्या. चंद्रचूड यांच्या खंडपीठाने सांगितलं की मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली, तर पॉक्सोखालच्या कळवणीत डॉक्टरने तिचं नाव आणि ओळख देण्याची गरज नाही. कळवायचं तर आहेच, पण नावाशिवाय. विनंती मात्र करावी लागते. ती कुणी करत नाही, कारण ती करता येते हे सांगणारं कुणी नसतं. आणि उशीर टाळायचा तर आशाताईंकडे मिळणारा ‘निश्चय’ हा लघवी तपासणीचा किट पाळी चुकल्यापासून आठवड्याभरात बहुधा खरं उत्तर देतो. तिथून नवव्या आठवड्यापर्यंत गोळ्यांसाठी साधारण महिनाभर हाती उरतो.